टोमॅटोच्या क्रेटशेजारी इंग्रजी

मंगलचा बारावीचा इंग्रजीचा पेपर दोनदा राहिला होता. ऑक्टोबरात सुटला तरच तिला डी.एड.ला अर्ज करता येणार होता. हा शेवटचा प्रयत्न, असं तिच्या सासूने, चिमाबाईंनी, बजावून ठेवलं होतं. मी बी.एस्सी. होऊन पिंपळवंडीत घरीच होते, म्हणून शिकवायला मला बोलावलं. वेळ एकच मिळाली : दुपारी, टोमॅटो निवडून क्रेट भरताना.

'बोअरिंग' म्हणजे कारण आणि 'बोअर्ड' म्हणजे त्याचा माणसावर झालेला परिणाम, हे मंगलला पहिल्याच दिवशी कळलं. कमी होता फक्त सराव. म्हणून मी तिला रोज स्वतःबद्दल वाक्यं करायला सांगितली. तिथेच घोडं अडलं.

"काय म्हणली गं ती?" चिमाबाई प्रत्येक वाक्याला विचारायच्या.

"कंटाळलेय म्हणाली, काकू."

"कुनाला? या घरात काय कमी हाये तिला?"

त्यानंतर मंगल फक्त 'इंटरेस्टेड' आणि 'एक्सायटेड' होऊ लागली. एवढ्या दोन शब्दांवर पेपर सुटणार नव्हता. शिकवणी आमच्या घरी घेऊ का, असंही मी विचारून पाहिलं.

"आन् टोमॅटो कोन निवडील? तुजं इंग्रजी?"

काल मी वैतागून म्हणाले, "मंगल, एक तरी खरं वाक्य कर."

हातातला टोमॅटो तसाच धरून ती म्हणाली, "आय ॲम टायर्ड."

"काय म्हणली?"

मी खोटं सांगणार होते, पण त्याआधीच मंगल बोलली, "दमले म्हणलं, आत्या."

चिमाबाईंचा हात थांबला. "दमती व्हय? मग उद्यापासनं शिकवणी बंद. लई ताण पडतोय पोरीला."

"अहो काकू, ती कामानं दमलीय!"

"कामानं कुनी दमतंय व्हय? आमी न्हाई दमलो कवा."

कारण चुकीचं धरलं की उपायही चुकतो. मी मंगलकडे पाहिलं. तिने टोमॅटो क्रेटमध्ये टाकला.

"न्हाई दमले, आत्या. ताईंनी वाक्य करायला सांगितलं व्हतं, म्हणून केलं. नुसतं वाक्य व्हतं ते."

"मग ठीक हाये."

मंगलने पदराला हात पुसले, वही ओढली आणि लिहिलं : आय ॲम नॉट टायर्ड. वही माझ्यापुढे सरकवून ती पुन्हा निवडायला लागली.

व्याकरणात काहीच चूक नव्हती. मी बरोबरची खूण केली.