मकरंदच्या नावाचा स्पॅन

मी एक जुना स्पॅन आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही, कारण मी दिसतच नाही. वेबपेजवर एखादं नाव दिसतं, तेव्हा त्या नावाला धरून ठेवणारी एक पिटुकली डबी असते. ती म्हणजे मी. वेबपेज असंच बनतं : डब्यात डबा, त्याच्या आत आणखी डबा, आणि सगळ्यात आत आम्ही स्पॅन. आम्हाला स्वतःचा रंग नाही, उंची नाही, मत तर नाहीच. मला सांभाळायला एकच शब्द दिला आहे : मकरंद.

माझा जन्म झाशीला, प्रेम नगरातल्या एका जेवणाच्या टेबलावर झाला. स्वराली नावाची कॉलेजात जाणारी मुलगी आपल्या घराण्याची वंशावळ वेबपेजवर चढवत होती. हे घराणं दोन-अडीचशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. आता ते घरात मराठी बोलतात, दारात हिंदी, आणि भाजीवाल्याशी भांडताना बुंदेली. स्वरालीने आधी मूळ पुरुषाचा डबा केला. त्याच्या पोटात मुलांचे, मुलांच्या पोटात नातवंडांचे. असा मी कित्येक पिढ्यांच्या पोटात जाऊन बसलो. दाब बराच असतो, पण थंडी वाजत नाही.

ते दिवस चांगले होते. मकरंद, म्हणजे स्वरालीचा चुलतभाऊ, मालवाहू जहाजावर नोकरी करतो. त्याने कुठल्याशा बंदरातून पेज पाहून “मस्त” असं लिहिलं होतं. ती स्तुती खरं तर स्वरालीची होती, पण मी थोडी घेतली.

पुढे पितृपक्ष आला. ओरछा गेटचे रघुनाथ गुरुजी म्हणाले, “बेटा, गेलेल्या माणसांच्या नावावर काही खूण कर. मोबाइलवरूनच वाचत जाईन.” स्वरालीने गेलेल्या प्रत्येकाच्या डब्याला ‘दिवंगत’ असा क्लास, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, लावला. मग जावास्क्रिप्टला सांगितलं, की ‘.दिवंगत span’ निवड, त्याला हार घाल आणि नावाआधी ‘कै.’ जोड.

मित्रांनो, या दोन शब्दांच्या मधली मोकळी जागा नीट पाहा. सिलेक्टरच्या, म्हणजे कोणाला निवडायचं ते सांगणाऱ्या ओळीच्या, भाषेत त्या जागेचा अर्थ होतो : आत, कितीही खोल. मूळ पुरुष अर्थातच दिवंगत होता. आणि त्याच्या पोटात सगळं घराणं होतं. एका क्षणात आम्हा सगळ्यांना हार पडले. नुकतंच बारसं झालेली मुग्धा कैलासवासी झाली. स्वतः स्वरालीही झाली, आणि तशीच दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची भाजी आणायला गेली. तिने फक्त वरची नावं तपासली होती. तिथे सगळं बरोबर होतं.

सर्वपित्रीच्या सकाळी स्वरालीचे वडील गोपाळराव तर्पणाला बसले. गुरुजी मोबाइल नाकाशी धरून वाचू लागले. बायकांची नावं ते आपल्या सवयीने गाळत होते.

“कैलासवासी गोपाळराव.”

या घराण्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे गोपाळराव अधूनमधून येतच असतो. गोपाळरावांनी शांतपणे स्वतःला तीळपाणी दिलं आणि ओंजळ परत पुढे केली.

“कैलासवासी रमाकांत.”

हे गोपाळरावांचे धाकटे भाऊ, मकरंदचे वडील, आणि ते खरोखरच गेलेले. स्वयंपाकघरात वडे तळत असलेल्या अनुसूयाकाकूंनी, त्यांच्या पत्नीने, डोळे मिटून हात जोडले.

“कैलासवासी मकरंद.”

घराण्यात मकरंद एकच आहे. काकू झारा घेऊनच बाहेर आल्या.

“गुरुजी, परत वाचा.”

गुरुजींनी परत वाचलं.

“तुम्हाला कोणी कळवलं?”

“यात आलंय,” गुरुजी म्हणाले आणि मोबाइल पुढे केला.

मकरंदचा बरेच दिवस फोन नव्हता. काकू उंबऱ्यावरच बसल्या. “स्वराली, तुम्हा लोकांना माहीत होतं?”

“काकू, ऐसा कुछ नहीं है. कोडमध्ये गडबड झालीय.”

“मग त्या गडबडीला कसं ठाऊक, की त्याचा फोन येत नाही?”

गोपाळराव म्हणाले, “अगं अनुसूया, मीही आहे त्यात. आत्ताच स्वतःला पाणी दिलं. मला काही झालंय का?”

“भावजी, तुम्ही समोर बसलाय. तो समोर नाहीये.”

आत वडे जळत होते.

स्वरालीने जमिनीवरच लॅपटॉप उघडला आणि दोन शब्दांच्या मध्ये एक टोकदार खूण घातली : ‘.दिवंगत > span’. या खुणेचा अर्थ, फक्त थेट त्याचा स्वतःचा. त्याच्या मुलानातवंडांचा नव्हे. पेज पुन्हा उघडलं. माझा हार गेला. गोपाळराव परत आले. गुरुजींनी हळूच सांगितलं, की सोडलेलं पाणी परत घ्यायचा मंत्र त्यांच्याकडे नाही.

काकूंनी मोबाइल हातात घेतला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “हा हार तू काढलास, की तो ठीक आहे म्हणून निघाला?”

स्वरालीला खोटं बोलता आलं असतं.

“मी काढला, काकू.”

“हं,” म्हणून काकू उठल्या आणि त्यांनी नवे वडे थापायला घेतले.

तेव्हापासून त्या रोज सकाळी पेज उघडतात, सगळ्या पिढ्या ओलांडून माझ्यापर्यंत येतात आणि हार नाही ना, ते पाहतात. जहाज रस्त्यात आहे, एवढंच कंपनी सांगते.

म्हणून मित्रांनो, विनंती करतो. पेजवर काही निवडाल, तेव्हा आत कोण कोण बसलं आहे ते शेवटच्या डबीपर्यंत जाऊन बघा. आणि तुमच्यापैकी कोणी जहाजावर असेल, तर बंदर लागल्याबरोबर आधी आईला फोन करा. ती माझ्याकडे बघून समजून घ्यायचा प्रयत्न करते. मला काहीच माहीत नसतं.