गुलाबचा पट्टा

बोकडाचं नाव गुलाब ठेवणारी मयुरी लग्न होऊन भद्रावतीला गेली आणि वास तिच्या आईच्या, कमळाच्या वाट्याला आला. वासही साधासुधा नाही. वयात आल्यापासून हा प्राणी स्वतःच्याच दाढीवर मुतायचा आणि मग ओठ वर करून दात दाखवत उभा राहायचा, जणू अत्तर लावून वरातीला निघालाय. तो वास कमळाच्या लुगड्याला लागे, केसांना लागे, शिजत्या भाताच्या वाफेतही येई. "काय घाण हाये बाई हे!" असं ती इतक्यांदा म्हणे की शेजारच्या गुणाबाईनं हसणंही सोडलं होतं.

खच्ची करायची सोय नव्हती. कमळाचा नवरा वारलू बैलानं उडवल्यानं अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्यानं मातामायला बोकड बोलला होता. देवीचा बोकड अखंड लागतो, अंगावर जखमसुद्धा चालत नाही. नवस वारलूचा, चारा, पाणी, लेंड्या आणि वास मात्र कमळाचा. वारलू नाकाला खांद्यावरचा दुपट्टा लावून लांबूनच विचारायचा, "बरा हाये ना व बोकड?"

पावसाळा सरता सरता गावात बिबट फिरू लागला. गुणाबाईच्या शेळ्या गेल्या. गुलाबला मोकळं सोडणं बंद झालं, तर त्यानं गळ्यातल्या दोरीला झटके देऊन मान सोलून काढायला सुरुवात केली. वारलू हबकला. मग मयुरीनं शहरात कुत्र्यांना घालतात तसला छातीपट्टा पाठवला. मानेला काही नाही, छातीवरून आणि पोटाखालून पट्टे, पाठीवर कडी.

गुलाबनं तो पहिल्याच दिवशी चघळला आणि वर त्यावर मुतला. थू! कमळानं तो राखेनं घासून धुतला आणि पुन्हा पुढे झाली. पाठीवर टेकवला रे टेकवला की तो अंग झाडी, आणि दाढीत असेल नसेल ते सगळं तिच्या तोंडावर. तोंड पुसत तिनं शेवटी वाळवलेली मोहफुलं काढली. अंग झाडलं तर काही नाही. पट्टा घालून गप उभा राहिला तर एक फूल. मोहफुलासाठी गुलाब सासर-माहेर दोन्ही विकायला तयार होता. दिवाळीपर्यंत पट्टा दिसला की तो आपणहून मुंडकं आत घालू लागला. पट्टा अंगावर असेतो पाणी ओता, खरारा करा, दगडासारखा उभा. पट्टा निघाला, की मात्र साठवून ठेवलेलं सगळं एकदम झाडून टाकी. हे एकट्या कमळाला ठाऊक होतं, कारण दुसरं कुणी जवळ फिरकतच नव्हतं.

माघात नवस फेडायचा ठरला. रानाच्या कडेला कडुनिंबाखाली मातामायचं ठाणं, तिथं सगळे पाहुणे जमले. वरोऱ्याहून वारलूचा मेहुणा आदेश आला होता. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ. त्यानं गुलाबची मांडी दाबून पाहिली, बोटं चाटल्यासारखी केली आणि म्हणाला, "काळीज मले ठेवजा बरं. मुंडीचा रस्सा बी." अंगाला हात लागताच गुलाब शहाण्यासारखा गप उभा राहिला आणि मोहफुलासाठी कमळाच्या मुठीकडे पाहू लागला. गुलाबचा वास कमळानं वर्षभर सोसला होता, पण असली किळस तिला कधी आली नव्हती.

ठाण्याचा पुजारी पत्रू भूमकानं बोकडाच्या पाठीवर हळदीचं पाणी ओतलं. बोकडानं अंग झाडलं म्हणजे मातामायनं घेतला. तोवर सुरा उचलायचा नाही.

गुलाब उभाच.

पत्रूनं पुन्हा पाणी ओतलं. दाढीतून पिवळं पाणी ठिबकत राहिलं. "कानात टाका ना थोडसं," आदेश म्हणाला. कानात टाकलं. गुलाबची नजर कमळाच्या मुठीवरून हलेना.

"थो पट्टा तं काढून पाहा, कमळे," वारलू म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघू लागले. एक कडी काढायची, की घर कायमचं स्वच्छ. भाताला भाताचा वास. कमळानं मूठ आवळली.

"पट्टा काढला तं जंगलात पळते थो," ती म्हणाली. "मातामायचा घास बिबट्याले देता का?"

पत्रूनं सुरा खाली ठेवला. "माय घेत नाई, वारलू. नारळ फोड, बोकड घरी ने. आता याले कोनी हात लावाचा नाई."

पाहुण्यांनी वांग्याच्या भाजीशी भात गिळला. आदेशचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी अंगणात कमळानं गुलाबचा पट्टा सोडला. त्यानं शिंगापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की हळद, मूत, माती सगळं तिच्या नव्या लुगड्यावर उडालं. "थू! मेल्या!" ती ओरडली आणि मागे वळली. दारात वारलू उभा होता.

त्यानं बोकडाकडे बोट केलं. "पट्टा काढला की रोज असाच झाडते का हा?"

कमळानं पदरानं तोंड पुसलं.

"तुमी काढला का कधी?" ती म्हणाली.

वारलूनं नाकाला दुपट्टा लावला आणि तो आत गेला.