खोट्याला पाडणारी सायकल

त्या रविवारी समुद्रदेवी माझू मातेच्या देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. फाटकापासून धूपदाणीपर्यंत माणसं दाटीवाटीने उभी होती. मधोमध पंधरा पावलांची एक मोकळी वाट, आणि वाटेच्या टोकाला एक सायकल. तिच्या हँडलखालची मान लाल कापडात घट्ट गुंडाळलेली, कापडावर मंत्राचे पिवळे कागद चिकटवलेले. बाकी सायकल चारचौघींसारखीच होती.

"या, या! लाजू नका!" झेन-यी शिफू, म्हणजे गुरुमहाराज, कर्ण्यातून ओरडत होता. "पोलिसाला फसवाल, बायकोला फसवाल, कर भरताना सरकारला फसवाल. हिला कसं फसवाल? ही सत्याची सायकल आहे. ज्याचं मन सरळ, त्याची सायकल सरळ. खोट्याला ही दहा पावलंसुद्धा पेलत नाही!"

एवढं बोलून तो स्वतः सायकलवर बसला, झुलत झुलत धूपदाणीपर्यंत गेला, वळसा घालून परत आला. पिवळ्या झग्याला साधी सुरकुती पडली नाही. लोकांनी हात जोडले.

मग टोफूवाला त्साओ पुढे आला. हा माणूस तीस वर्षं सायकलवरून टोफू विकतो. मागे टोफूची चळत, एका हातात घंटी, तोंडात सुपारी, आणि पावसातसुद्धा कधी घसरलेला नाही. तो बसला, पेडल मारलं, आणि तिसऱ्या पावलाला पोत्यासारखा आडवा झाला.

"बोल," शिफू त्याच्यावर वाकून म्हणाला, "काय लपवतोस?"

त्साओ घाबरून इकडेतिकडे बघायला लागला. "शिफू... काल उरलेला टोफू आज सकाळी ताजा म्हणून विकला."

"बघा!" शिफू गरजला. "सायकलने ओळखलं!"

लोक शहारले. मला मात्र डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. अहो, कालचा टोफू आजचा म्हणून कधीच न विकलेला टोफूवाला जगात आहे का? कुणालाही जमिनीवर लोळवा, वर दरडावून विचारा, त्याच्या पोटातून काहीतरी निघणारच. त्याच्याआधी पडलेल्या शाळेच्या शिपायाने वहीत खोटी वेळ लिहिल्याचं सांगितलं होतं, आणि एका काकूंनी जावेचा कुकर फोडल्याचं कबूल केलं होतं.

सगळ्यात जास्त चीड याची, की हे आमच्या गावात चाललं होतं. चांगह्वा जिल्ह्यातलं हे गाव सायकलीवरच जगतं. एका गल्लीत स्पोक बनतात, दुसरीत पेडल, तिसरीत बायका सीटवर टाके घालतात, छर्रे आणि ब्रेक चौथीत. फक्त अख्खी सायकल गावात कुणी जोडत नाही, ती दुसरीकडे जुळते. त्यामुळे प्रत्येकाला आपापला तुकडा तेवढा पाठ, आणि तुकड्याबाहेरचं सगळं देवाच्या हवाली.

मी तिथे तमाशा बघायला गेले नव्हते. माझं देवळामागे औषधाचं दुकान आहे. लाई आजींची नात पेइशान नऊ वर्षांची आहे. तिला फिट्स येतात, आणि रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी घेतली की येत नाहीत. तीन महिन्यांची चिठ्ठी माझ्याकडे असते आणि तिची आई बिक दर महिन्याच्या आठ तारखेला न चुकता गोळ्या न्यायला येते. या महिन्यात आठ तारीख गेली, दहा गेली. मी घरी फोन केला तर लाई आजी म्हणाल्या, "गोळ्या बंद केल्यात. शिफूंनी सांगितलंय. मंत्राच्या कागदाची राख पाण्यातून देतोय."

"आजी, एकदम बंद केल्या तर पोरीच्या जिवावर बेतेल!"

"तुझं दुकान आहे, तू असंच म्हणणार," आजींनी फोन ठेवला.

त्या रविवारी चोवीस तारीख होती. गुरुवारी पेइशानला शाळेच्या जिन्यावर फिट आली होती. दोनच पायऱ्या होत्या म्हणून बरं. चार टाके पडले, आणि दवाखान्यातून आल्यावर आजींनी पुन्हा राखेचंच पाणी पाजलं.

आणि आता शिफूने नाव पुकारलं, "लाई घराण्याची सून!"

बिक पुढे आली. बारा वर्षांपूर्वी ती व्हिएतनामहून लग्न होऊन आली. नवरा मासेमारीच्या बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. ही सीटच्या कारखान्यात टाके घालते आणि रोज सायकलवरूनच जाते-येते. शिफूने निदान केलं होतं, की हिने माहेराहून काहीतरी बाहेरचं सोबत आणलंय आणि ते सासूपासून लपवलंय, म्हणून पोर आजारी. ही खरी असेल तर धूपदाणीपर्यंत सायकल नेईल. नेली तर गोळ्या सुरू करायला देवीची परवानगी.

"आई, मी काहीच लपवलेलं नाही हो," बिक सासूला म्हणाली.

"मग घाबरतेस कशाला? बस!" आजींनी तिला पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं.

ती पडली. उठली, आजींनी पुन्हा ढकललं, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी गुडघ्यातून रक्त आलं आणि तिची लेक कपाळावर पट्टी घेऊन पहिल्या रांगेतून हे सगळं बघत होती. "आई, सोड ना," ती म्हणत होती. "मला नकोत गोळ्या."

माझा तोल सुटला. मी वाट ओलांडून आत शिरले. "बंद करा हा चावटपणा! पोरीला औषध द्यायचं की नाही हे सायकल ठरवणार?"

"औषध विकणाऱ्या बाई!" शिफूने कर्णा माझ्याकडे वळवला. "पोटात खोटं नसेल तर बसा की."

बसले. पन्नाशीची बाई मी, रोज सायकलवरून घरोघरी औषधं पोचवते. चौथ्या पावलाला कोपरावर आपटले. पण पडता पडता एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. तोल डावीकडे गेला म्हणून मी हँडल डावीकडे वळवलं होतं आणि पुढचं चाक उजवीकडे गेलं होतं.

"हे उलटं वळतं!" मी जमिनीवरूनच ओरडले. "चाक उलटं वळतं हो!"

"खोट्याला जग उलटंच दिसतं!" शिफू म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच गिऱ्हाइकांनी. मी त्या लाल कापडाकडे हात नेला तर त्याचे दोन चेले आडवे आले. कापडाला हात लावला तर देवी कोपते म्हणे.

मी तडक पेंगकाकांकडे गेले. गावातल्या या सगळ्यात जुन्या कारागिराने उभं आयुष्य दातेरी चाकं कापण्यात घालवलं आहे. पाय अधू झाल्यापासून काका देवळाकडे फिरकत नाहीत. दारात स्टुलावर बसून कानस चालवत होते.

"काका, देवळात त्या शिफूची सायकल आहे, तिचं हँडल डावीकडे वळवलं तर चाक उजवीकडे जातं. असं कशाने होईल?"

"दोन गिअर," मान वर न करता ते म्हणाले. "सारख्या दातांचे, एकमेकांत अडकवलेले. एक हँडलच्या दांडीला, एक पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या. एक इकडे फिरला की दुसरा तिकडे फिरणारच." आणि मग त्यांची कानस थांबली. "निंग, तसले दोन मी कापलेत."

"काय?"

"गेल्या हिवाळ्यात एक माणूस आला होता. पीठ मळायच्या यंत्राला हवेत म्हणाला."

"पीठ मळायच्या यंत्राला? आणि भोक केवढं पाडून दिलंत?"

काका हळूच म्हणाले, "सायकलच्या दांडीचं."

"आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. विचारलं नाही. माझं काम दाते कापायचं. माल कुठे जातो ते मी कधी विचारत नाही."

मी वडीलधाऱ्या माणसावर आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. "तुम्ही विचारलं नाहीत, स्पोकवाल्याने विचारलं नाही, टोफूवाला पडला त्यानेही विचारलं नाही! काका, पेइशान सोळा दिवस गोळ्यांशिवाय आहे. पुढची फिट तिला रस्त्यात आली तर? की तेही कुणी विचारायचं नाही?"

काकांनी कानस खाली ठेवली. बोटांवरचा लोखंडाचा कीस पुसला. "तरुणपणी आम्ही कारखान्यात गंमत म्हणून अशी सायकल जोडली होती," ते म्हणाले. "महिनाभर पडलो तेव्हा ती जमली. आणि जमली त्या दिवशी माझ्या साध्या सायकलवर बसून घरी निघालो, तो सरळ नाल्यात! हातांना उलटं वळण लागलं की सुलटं विसरतं. परत यायला वेळ लागतो. निंग, तो शिफू देवळात येतो कशाने?"

मी आठवून बघितलं. "चेल्याच्या गाडीतून."

"कधी साध्या सायकलवर दिसलाय?"

आमच्या गावात नव्वदीची म्हातारी सायकलवर दिसते. तो कधीच दिसला नव्हता.

"माझा पाना दे तो," काका म्हणाले, आणि काठी घेऊन उठले.

आम्ही परत आलो तेव्हा बिक अजून धूपदाणीपाशी गुडघे टेकून बसलेली होती. मी माझी औषधाच्या टोपलीची सायकल त्या वाटेवर आणून उभी केली.

"शिफू," मी मोठ्याने म्हटलं, "सत्याची सायकल तुम्ही चालवता, मग ही काय अवघड? धूपदाणीपर्यंत जाऊन दाखवा. मी तुमची क्षमा मागेन आणि सगळ्यांसमोर राखेचं पाणी पिईन."

शिफूने कर्णा खाली ठेवला. "मी... प्रापंचिक वाहनावर बसत नाही. व्रत आहे."

लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, सुटला हा. तेवढ्यात लाई आजी पुढे आल्या. त्यांच्या मनात कसलाही डाव नव्हता. त्यांचा अजूनही पुरता विश्वास होता, आणि विश्वास होता म्हणूनच त्या म्हणाल्या, "बसा ना शिफू. पंधरा पावलं तर आहेत. या बाईचं तोंड एकदाचं बंद होऊ दे. माझी सून तीनदा बसली, तुम्ही एकदा बसा."

"हो, बसा शिफू!" त्साओ ओरडला. "होऊन जाऊ दे!" मग सगळं पटांगण ओरडायला लागलं.

तो बसला. एक पाऊल गेला, दोन गेला. सायकल डावीकडे कलली, त्याने सवयीने हँडल उजवीकडे मारलं, आणि पिवळा झगा उलटा होऊन महाराज थेट कडेला बाह्वान तळून विकणाऱ्याच्या गाडीवर गेले. रताळ्याच्या पिठाचे गरम गोळे त्यांच्या मांडीवर आणि लाल चटणी डोक्यावर.

कुणी हसलं नाही. मग त्साओ त्याच्यावर वाकला आणि त्याच्याच आवाजात म्हणाला, "बोल, काय लपवतोस?"

तेव्हा कुठे हशा फुटला. त्या हशात पेंगकाका लंगडत सत्याच्या सायकलीपाशी गेले. चेले पुढे झाले, पण काकांच्या हातात पाना होता आणि मागे अख्खा गाव. काकांनी कापड ओढून काढलं. आत दोन दांड्या शेजारी शेजारी आणि त्यांच्यावर दोन गिअर, दातात दात अडकलेले. काकांनी अंगठ्याने ग्रीस पुसलं. कडेला छोटी तिरकी खूण होती.

"ही माझी खूण आहे," काका सगळ्यांना म्हणाले. "हे मी कापलेत. यात देवी नाही. मी विचारलं नाही, हा माझा गुन्हा."

मग मी कर्णा उचलला. म्हटलं, नीट ऐका. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपले हात हँडल वळवतात, आपण विचार करायच्या आधी. म्हणून आपण पडत नाही. इथे हात तेच करतात आणि चाक उलटं जातं, म्हणून सावरायला गेलं की माणूस आपटतो. ज्याला सायकल उत्तम येते तो लवकर आपटतो, कारण त्याचे हात जलद. बिक पडली ती रोज सायकल चालवते म्हणून. ती खरी की खोटी, हे लोखंडाला कसं कळणार?

तरी गर्दीतून एक जण म्हणालाच, "कापड काढलं म्हणून देवी निघून गेली असेल." अशा माणसाचं काय करावं, मला खरंच कळत नाही. माझं भांडण देवीशी नाही. मी स्वतः दर नववर्षाला उदबत्ती लावते. देवीच्या अंगणात उभं राहून पोरीच्या तोंडची गोळी काढून घेणाऱ्याशी माझं भांडण आहे. तो आणि त्याचे चेले गाडीत बसून पळाले. मी गाडीचा नंबर पोलिसांना दिला आहे आणि आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार केली आहे.

डॉक्टरांना फोनवर विचारून पेइशानची गोळी त्याच दुपारी सुरू झाली. बिकने ती माझ्या दुकानातच, सोयाच्या दुधाबरोबर तिला दिली.

ती सायकल आता माझ्या दुकानाबाहेर असते, मान उघडी. शाळेतली मुलं येतात, बसतात, धडाधड पडतात आणि खिदळतात. पेइशानला बसायचं आहे, पण मी सांगितलंय, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. ती गिअर फिरवून बाकीच्यांना समजावते, मास्तरणीसारखी बोट नाचवत.

पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला गोळ्या न्यायला लाई आजी स्वतः आल्या. जाताना सायकलीपाशी थांबल्या. हँडल डावीकडे वळवलं, चाक उजवीकडे गेलं. पुन्हा वळवलं, पुन्हा तसंच.

"तीनदा पडली माझी सून," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वेळीही मीच ढकललं."

त्यांना वाटलं असेल, मी म्हणेन जाऊ द्या आजी. मी नाही म्हटलं. "हो, तुम्हीच ढकललंत," मी म्हणाले. "आता हे बिकला सांगा, मला नको."

आजी गोळ्यांची पिशवी छातीशी धरून सीटच्या कारखान्याच्या दिशेने चालायला लागल्या. कामाची सुट्टी व्हायला अजून तासभर होता.

तुमच्या गावातही कुणीतरी येईल. त्याच्याकडे सायकल नसेल, घागर असेल, नारळ असेल, नाहीतर आणखी काही. तुम्हाला पाडून तो विचारेल, काय लपवतोस? तेव्हा आपली पापं आठवत बसू नका. त्यालाच विचारा, तू काय लपवतोस. आणि त्याने काहीही सांगितलं तरी घरातल्या आजारी माणसाची गोळी चुकवू नका. आधी गोळी द्या, मग जाऊन ते कापड सोडा.