खामपेंगमावशींचं छान

बँकॉकमध्ये वाढलेल्या मुलीने ऑफिसातून सुट्टी घ्यायची, च्यांगमाईला जायचं आणि तिथे परदेशी पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून थाई स्वयंपाक शिकायचा, ह्याला काय म्हणावं? पुई ह्याला वेडेपणा म्हणत होती, आणि विमानात बसल्यापासून तेच म्हणत होती. पुई म्हणजे नोइनाच्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण. तिचं काही चुकत नव्हतं. पण नोइनाला स्वयंपाक येत नव्हता हेही तितकंच खरं. बँकॉकच्या भाड्याच्या खोलीत एक किटली असते, एक भाताचं भांडं असतं आणि बाकी सगळं गल्लीच्या तोंडाशी तयार मिळतं. शेगडी पेटवायची हौस कोणाला असणार?

खरं कारण नोइनाने वर्गाला न्यायला आलेल्या व्हॅनमध्ये बसल्यावर सांगितलं. वर्ग ज्यांच्या घरी होता त्या खामपेंगमावशी म्हणजे मेकची आई. मेकशी नोइनाचं लग्न ठरल्यात जमा होतं, फक्त ते मेकच्या आईला माहीत नव्हतं. आणि नोइना इथे आली आहे हे मेकला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, दोघी देवळं बघत हिंडताहेत. पुईने कपाळाला हात लावला.

मायलेकांचं बिनसलं होतं दोन वर्षांपूर्वी. जुन्या बायका सून पारखताना तिचं तोंड बघत नसत. तिच्याकडे पाठ करून बसायचं आणि तिच्या खलबत्त्याचा आवाज ऐकायचा. ठोका एकसारखा पडला तर पोरगी घर चालवणार, अडखळला तर आपलं घर आपणच सांभाळावं. आता ही गंमत म्हणून सांगतात, पण मावशी गंमत म्हणून करत नसत. मेकने आधी एक मुलगी घरी आणली होती. मावशींनी पाठ केली, ऐकलं आणि जमलेल्या सगळ्या नातेवाइकांदेखत सांगून टाकलं की हिची करी होईस्तोवर पाहुणे एक झोप काढून उठतील. ती मुलगी संध्याकाळच्या बसने गेली ती गेलीच. मेकनेही बॅग भरली. त्यानंतर सोंगक्रानचं नवं वर्ष दोनदा आलं आणि गेलं, पण तो रिवाजाप्रमाणे आईच्या हातावर पाणी घालून आशीर्वाद घ्यायला घरी आला नाही. फोन करायचा, बरा आहे म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.

त्यात नोइनाच्या बाबांनी वेगळंच धरून ठेवलं होतं. सुफानबुरीत त्यांचं खिळे-स्क्रूचं दुकान आहे, आणि माणूसही तसाच, एकदा रुतला की हलत नाही. मुलाकडचं वडीलधारं माणूस दारात येऊन मुलगी मागेल तर मी लग्नात तुमच्या मनगटाला आशीर्वादाचा दोरा बांधीन, नाहीतर तुम्ही दोघं कचेरीत जाऊन सह्या करा आणि मला बोलावू नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मेकचे वडील केव्हाच वारले. वडीलधारं माणूस म्हणजे ही एकच बाई. आणि मेक म्हणे, मी तिच्यापुढे नाक घासणार नाही. दोघं पुरुष आपापल्या जागी ताठ उभे, आणि मधल्यामध्ये मरण कोणाचं, तर नोइनाचं. म्हणून ती स्वतःच बघायला आली होती. धीर झाला तर बाईंना सांगायचं, नाही झाला तर जेवून परत यायचं.

वर्ग सकाळी आठला बाजारात सुरू झाला. नेदरलँड्सचं एक जोडपं होतं, एक कोरियन बाप आणि त्याची मुलगी होती, आणि ह्या दोघी. मावशी साठीच्या, बुटक्या, हातात वेताची टोपली. परदेशी पाहुण्यांसाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता: छान. डच माणसाने कच्चं वांगं उचलून चावलं, तरी छान. त्याच्या बायकोने मिरच्यांसोबत स्वतःचा फोटो काढला, तेही छान.

आपल्या लोकांशी मात्र जीभ वेगळी. त्यांनी आलं आणि आल्यासारखंच दिसणारं खा हे दोन कंद पुईपुढे धरले आणि ह्यातलं खा कुठलं ते विचारलं. पुईने आल्यावर बोट ठेवलं. थाई बाईने खा ओळखू नये म्हणजे कमालच झाली. बापाचं नाव तरी आठवतं ना, असं मावशींनी विचारलं आणि शेजारची भाजीवाली पदर नसूनही तोंड झाकून हसली. मग नोइनाची पाळी आली. तिने हिरव्या करीसाठी भलतीच तुळस उचलली. बँकॉकच्या पोरींना करी म्हणजे विकत आणलेल्या पिशवीचं रबर सोडायचं एवढंच ठाऊक, असं मावशींनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

नोइनाला हायसं वाटलं. मेक तिला नेहमी सांगायचा, आई बोल लावते तोवर घाबरू नकोस, ती गोड बोलायला लागली की समज, तुला परकी केलं.

घरामागे पत्र्याची मोकळी शेड होती. जमिनीवर चटया आणि चटयांवर सहा दगडी खलबत्ते मांडलेले. मावशींनी क्रम सांगितला. आधी कडक ते कुटायचं: मिरे, धणे, खा, गवती चहा, लिंबाची साल. मग मिरच्या, लसूण, छोटे कांदे. आणि गपी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, अगदी शेवटी. ओला गोळा आधी पडला तर सगळं निसरडं होतं आणि गवती चहाचे धागे जन्मात तुटत नाहीत. हे त्यांनी दोन भाषांत दोनदा सांगितलं. मग भला मोठा वाडगा घेऊन नारळाचा चव पिळायला त्या सगळ्यांकडे पाठ करून बसल्या. मला तोंडं बघायची नाहीत, म्हणाल्या, ठोका.

नोइनाने बत्ता हातात घेतला. तिला स्वयंपाक येत नव्हता, पण कुटता येत होतं. मेकला विकतचं वाटण चालत नसे. दर रविवारी तो खोलीत जमिनीवर बसून कुटायचा, आणि गेल्या सहा महिन्यांपासून ते काम तिच्याकडे आलं होतं. कुटणं तिने एका त्याच्याच हातचं पाहिलं होतं, दुसऱ्या कोणाचं पाहिलंच नव्हतं. तिने डावा तळवा खलाच्या तोंडावर धरला आणि सुरुवात केली. दोन ठोके जड, एक हलका, मग बत्त्याला चिकटलेलं खाली पडावं म्हणून काठावर एक टक. दोन जड, एक हलका, टक. शेजारी पुई घाव घालत होती आणि डच माणूस खलाशी कुस्ती खेळत होता.

हात चालत होते, पण डोकं ताळ्यावर नव्हतं. समोरच्या त्या पाठीकडे बघत असताना तिने वाटीतली गपी उचलली आणि टाकून दिली. मेक असंच करायचा. अर्धं झालं की गपी टाकायची, नाहीतर सकाळ इथेच जाईल, असं म्हणायचा. टाकल्यावर तिच्या लक्षात आलं, पण तोवर ठोक्याचा आवाज ओला झाला होता.

मावशींचे हात थांबले. त्या वळल्या नाहीत. पिळलेला चव मुठीत तसाच होता आणि दूध त्यांच्या गुडघ्यावर गळत होतं. मग त्या उठल्या आणि कोणाकडे न बघता घरात गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या, तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्यांनी एकेकाचा खल पाहिला. डच जोडप्याचं छान, कोरियन बापलेकीचं छान. हे वाटण आहे की कोंबड्यांचं खाणं, असं पुईला विचारून झालं. मग त्या नोइनापाशी आल्या. तिच्या वाटणातून गवती चहाचे धागे वर आले होते, आंधळ्यालाही दिसले असते. मावशींनी ते पाहिले, मग तिच्या हातांकडे पाहिलं आणि मग तिच्या तोंडाकडे.

"छान," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

नोइनाला रडूच कोसळणार होतं. पुढचं सगळं तसंच झालं. तिने नारळाच्या दाट दुधाला तेल सुटायच्या आधीच वाटण टाकलं, मावशी म्हणाल्या छान. तिने माशाचा खारट सॉस विसरून दोनदा घातला, तरी छान. तेवढ्या वेळात पुईने पाच वेळा बोलणी खाल्ली आणि वर तिच्या ताटलीत मावशींनी आपल्या हाताने भात वाढला. जेवताना नोइनाने वाक्य जुळवून ठेवलं होतं: मावशी, मी मेकची होणारी बायको. ते घशाशी येत होतं आणि परत जात होतं. करी घशाखाली उतरत नव्हती ती वेगळीच, नुसते धागे.

निघायची वेळ झाली. सगळ्यांनी हात जोडले आणि ते व्हॅनमध्ये जाऊन बसले. नोइना पायरीवर चपलेचा पट्टा लावत मुद्दाम मागे राहिली. आता नाही तर कधीच नाही, असं तिने ठरवलं आणि मान वर केली, तर मावशी दारात उभ्या. हातात केळीच्या पानाची पुडी.

"तुझं उरलेलं वाटण," त्या म्हणाल्या. "टाकवत नाही, आणि घरात ठेवायच्या लायकीचं नाही."

नोइनाने पुडी घेतली.

"गपी शेवटी घालतात. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून त्याला सांगतेय. आणि काठावर टक करू नये, दगडाची कपची वाटणात जाते. त्या टकसाठी मी त्याच्या पाठीत किती धपाटे घातले असतील. दोन जड, एक हलका, टक. पाठ करून बसले होते म्हणून निभावलं. मला वाटलं, तोच येऊन बसलाय."

नोइनाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेचना. ती कशीबशी म्हणाली, "मावशी, मी आलेय ते त्याला माहीत नाही."

"माहीत असतं तर येऊ दिलं असतं का त्याने तुला?"

"मग मला छान का म्हणालात? सकाळपासून छान, छान. मला वाटलं, तुम्ही मला परकी केलीत."

मावशी पायरीवर बसल्या. गुडघा धरून, हळूच. "मागच्या वेळी तोंड उघडलं आणि मुलगा घालवला," त्या म्हणाल्या. "आज धीर नाही झाला ग. जीभ दाताखाली धरून बसले होते. म्हटलं, हीपण उठून गेली तर?"

व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला. पुईने काचेतून एकदा इकडे पाहिलं आणि त्याला काहीतरी सांगितलं. व्हॅन निघून गेली.

"वाईट होतं ना वाटण?" नोइनाने विचारलं.

"भिकार होतं."

दोघींना हसू आलं. मग नोइनाने नाक पुसून बाबांची अट सांगितली. दारात माणूस, मनगटाला दोरा, सगळं. मावशींनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. बाप बरोबर बोलतोय, म्हणाल्या. सुफानबुरी किती लांब, बस कुठून सुटते, तेही विचारून घेतलं.

"पण अशा वाटणावर मी कोणाच्या दारात मुलगी मागायला जाऊ?" त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाने विचारलं, माझ्या मुलीत तुम्ही पाहिलंत काय, तर काय सांगू, गपी आधी घालते ते? उद्या सकाळी सहाला ये. रोज ये, सुट्टी आहे तोवर. आणि त्याला फोन लाव."

नोइनाने फोन लावला. पलीकडे मेकने उचलला आणि देवळं बघून झाली का, असं विचारलं. तिने फोन पुढे केला. मावशींनी हात कमरेच्या कापडाला पुसला, मग दुसराही पुसला, मग फोन घेतला. हॅलो नाही की काही नाही.

"रेड्या," त्या म्हणाल्या, "गपी शेवटी घालतात. हिलाही तसंच शिकवून ठेवलंस."

मग नोइनालाही ऐकू आलं, इतक्या मोठ्याने तो म्हणाला, "आई, ती तिथे आहे?"

"आहे. तू ये. दोघांना शेजारी बसवून कुटायला लावते." मावशींचा आवाज फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. "ह्या वेळी पाठ नाही करणार मी. समोर बसेन."