लाकडाचा स्वतःचा रंग

कळंबच्या बाजारामागच्या गल्लीत हमीदचाचांचे दुकान होते, आणि ते डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळायचे. बाभळीच्या भुशाचा तुरट, उग्र दरवळ. त्याखाली सागवानाचा जुन्या कातड्यासारखा संथ वास. आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी शिसवाची गोडसर, क्षणभरच जाणवणारी झुळूक. पत्र्याच्या छिद्रांतून उतरणारी दुपारची किरणे त्या धुळीत तिरकी उभी असायची, आणि त्या प्रकाशात पांढऱ्या दाढीचा एक कृश माणूस वाटीतल्या पाण्यात अंगठा बुडवून लाकडाच्या तुकड्यावरून सावकाश फिरवत बसलेला असायचा. ओल्या अंगठ्यामागे लाकडाचा खरा रंग उजळून येई. तो पाहताना चाचांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते मी फार थोड्या माणसांच्या मुद्रेवर पाहिले आहे.

दारे-खिडक्या करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. साठीनंतर मात्र ते उरलेल्या तुकड्यांची चित्रे करू लागले. कागदावर आधी रेखाटन करायचे, मग त्यातला एकेक आकार वेगवेगळ्या झाडाच्या लाकडातून कापायचा, कडा कानशीने घासायच्या, आणि एकमेकांना अंग लावून ते तुकडे फळीवर बसवायचे. रंगाचा डबा त्या दुकानात नव्हता. काळे हवे तर शिसव, पिवळे हवे तर हळदू, फिकट हवे तर आंबा. ज्या झाडाला जो वर्ण मिळाला, तोच चित्राला मिळायचा.

माझे यजमान गेले, त्या हिवाळ्यात मी त्यांचा फोटो घेऊन चाचांकडे गेले. आम्ही दोघेही शिक्षक. गावात ते ‘सर’ आणि मी ‘बाई’. लाकडात त्यांचा चेहरा करून द्या, असे मी म्हटले. चाचांनी फोटो दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ पाहिला, आणि फडक्याने पुसून परत दिला.

“आमी तोंड न्हाय करत, बाई. आमच्यात चालत न्हाय, ही एक गोष्ट. दुसरं सांगू का? लाकडात बसलेलं तोंड हलत न्हाय. तुमाला सर हसताना आठवतेत, रागावलेले आठवतेत. ते समदं जाईल आन् एवढं एकच उरंल.”

मला राग आला. दुःखाच्या त्या दिवसांत नकार ऐकण्याची शक्तीच माझ्यात नव्हती. मी फोटो पिशवीत घालून उठले, तेव्हा ते खाली बघत म्हणाले, “सर बसायचे कुठं, तेवढं सांगा.”

मी सांगितले. येरमाळ्याच्या अलीकडे आमचा मळा आहे. निवृत्तीनंतर रोज उतरत्या उन्हात ते तिथल्या बांधावर, बाभळीखाली, ज्वारीकडे तोंड करून बसायचे. बोलायचे नाहीत, वाचायचेही नाहीत. आठवड्याने चाचा एसटीने मळ्यावर आले आणि अर्धा दिवस त्याच बांधावर बसून राहिले. जाताना वाऱ्याने मोडलेली बाभळीची एक जाड फांदी तेवढी मागून घेतली.

ती ओली होती. वाळायला वर्ष लागेल, म्हणाले. मला धीर नव्हता. “दुसरी वाळलेली बाभूळ नाही का चालणार?”

“चालंल की. पण तुमाला चालंल का?”

मी फांदी उचलून त्यांच्या हाती दिली.

त्या वर्षात चाचांचा उजवा हात थरथरू लागला. धाराशिवच्या डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, गोळ्या दिल्या; कंप थांबला नाही. मी गेले की ते हात मांडीखाली दडवीत, जणू ते त्यांच्या हातून घडलेले एखादे पाप होते. फांदी वाळली, तेव्हा मी जाऊन म्हणाले, आता राहू द्या. पण दुकानात त्यांच्या पत्नी, जैबूनचाची, पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात कानस होती. चाळीस वर्षे त्यांनी त्या दुकानातला भुसा झाडला होता, तुकडे रंगांप्रमाणे वेगळे ठेवले होते. कोणते लाकूड किती सोसते, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज उरली नव्हती. चाचा तुकडा मांडून दाखवत, चाची घासत. “बस, और नक्को घिसो,” असे ते हळूच म्हणत, आणि त्या न ऐकता आणखी दोनदा कानस फिरवत. बहुतेक वेळा चाचींचेच बरोबर निघे.

चित्र झाले. आंब्याच्या फिकट लाकडाचे आकाश, हळदूची पिकलेली ज्वारी, शिसवाची काळी माती आणि तिच्या रेषांतूनच उमटलेली नांगरट. सागवानाचा बांध, आणि आमच्याच बाभळीची तांबूस बाभूळ, आकाशात शिरलेली. बांधावर कुणी नव्हते. फक्त एके ठिकाणी लाकूड किंचित खोल गेले होते, घासून घासून मऊ झाले होते, नुकतेच कुणी उठून गेल्यासारखे. मी तिथे बोट ठेवले, आणि दीड वर्षात प्रथमच माणसांसमोर रडले.

“तेवढं मी घासलंय,” चाचा म्हणाले. “त्याला हात थरथरला तरी चालतंय.”

पुढच्या पावसाळ्यात चाचा गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी बाभूळ आणि आकाश यांच्यामध्ये मला केसाएवढी फट दिसली. मी चित्र उतरवून चाचींकडे नेले. त्यांनी फटीवरून नख फिरवले.

“असू द्या, बाई. बाभूळ आन् आंबा एकासारखे आकसत न्हाईत. पावसाळ्यात मिटंल.”

“आणि पुढच्या उन्हाळ्यात?”

“परत उघडंल.” त्यांनी चित्र माझ्या हाती दिले आणि चहा ठेवायला आत गेल्या.

फट खरोखरच श्रावणात मिटली, आणि चैत्रात पुन्हा दिसली. गेलेल्या माणसाची उणीव काळ भरून काढतो, असे कुणी समजावू लागले की मी आता वाद घालत नाही. ओलाव्याच्या दिवसांत ती मिटते, कोरड्या दिवसांत उघडते, आणि दोन्ही ऋतूंत ती असते तिथेच असते.