नवव्या मजल्यापर्यंतचं मत

"बेकार सिनेमा," जाळीचं दार ओढून घेत लिफ्टकाकांनी निकाल दिला. "वेळ फुकट गेला."

"काय सांगता!" दुसऱ्या मजल्यावरचे वकील दचकले. "आमच्या घरी काल डोळे पुसायला रुमाल पुरले नाहीत."

"रडू येतं हो. कांदा चिरतानाही येतं."

वकिलांना उत्तर सुचेपर्यंत दुसरा मजला आला. त्यांच्या वाट्याला नेहमी एवढंच यायचं, नुसता निकाल. चौथ्या मजल्यापर्यंत जाणाऱ्यांना गोष्टही ऐकायला मिळे. कारणं मात्र नवव्या मजल्यावाल्यांसाठी राखीव. सातव्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर कधीकधी वाद अर्धा राहिला म्हणून नवव्यापर्यंत जात आणि परत खाली येत. तोवर त्यांचा पेशंट बिचारा खुर्चीत आ वासून बसलेला असे.

हल्ली सिनेमा बघायला घराबाहेर कोण जातो? जो तो आपल्या कोपऱ्यात बसून टीव्हीवर नाहीतर फोनवर बघतो, एकटाच हसतो आणि एकटाच रडतो. दुसरा कोणी हसला का, रडला का, हे कळायला कचेऱ्यांच्या या इमारतीत एकच जागा उरली होती, ती म्हणजे चार माणसांची ही खुराड्याएवढी लिफ्ट.

"शेवटी काय दाखवलंय?" काकांनी गोष्ट पुढे नेली. "ती पोर गच्चीच्या कठड्यावर चढते आणि दहा वर्षं चाकाच्या खुर्चीत बसलेली आई ताडकन उठून धावत सुटते. असं कोणी उठत नाही हो! सगळं खोटं. लोकांना गंडवायचे धंदे."

कोपऱ्यात चौथ्या मजल्यावरच्या हिशेबनीस बाई उभ्या होत्या. रोज उतरताना त्या "येते काका" म्हणत. आज त्या काही न बोलता उतरल्या. काकांच्या ते लक्षात आलं, पण तेवढ्यात डॉक्टर सरसावले.

"अहो काका, सिनेमा आहे तो. माणसाला थोडी आशा नको का?"

"आमची ही म्हणते, आशा हवी तर खरी द्या."

'आमची ही' म्हणजे काकू. सगळी मतं काकूंची होती. काका फक्त पोस्टमनचं काम करत. सकाळी काकूंचं मत इमारतीत वाटायचं, संध्याकाळी लोकांची उत्तरं घरी पोहोचवायची. काकूंना इमारतीत कोणी पाहिलेलं नव्हतं. काकू चाकाच्या खुर्चीत असतात, हेही कोणाला माहीत नव्हतं. पाठीच्या मणक्यात गाठ निघाली होती. गाठ गेली, पण जाताना पाय घेऊन गेली. त्याआधी त्या कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायच्या आणि एक टाका वाकडा गेला तरी अख्खा सदरा उसवायला लावायच्या. आता तीच नजर सिनेमावर चाले.

खुर्चीचं बाहेर बोलायचं नाही, ही त्यांचीच सक्त ताकीद होती. "एकदा का कळलं, की लोक मताशी भांडत नाहीत, नुसते हळहळतात," त्या म्हणत.

दुपारी इमारतीच्या नव्या मॅनेजरनी काकांना खाली बोलावलं. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त शांतता हवी होती.

"काका, चौथ्या मजल्यावरच्या बाई रडत होत्या. त्यांची मुलगी कॉलेजात शिकत होती. अपघातात कमरेखालचं सगळं गेलं. वर्ष होत आलं, अंथरुणाला खिळलीय. मायलेकींनी तो सिनेमा तीनदा बघितला. आणि तुम्ही त्यांच्या तोंडावर..."

काकांना कुठे तोंड लपवावं ते कळेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

"मालक तसेही नवी लिफ्ट बसवा म्हणून मागे लागलेत," मॅनेजर म्हणाले. "तिला माणूस लागत नाही. पुन्हा तक्रार आली तर मी तरी त्यांना काय सांगू?"

संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये काकांच्या डोक्यावर पाटी लागली. 'लिफ्टचालकाने प्रवाशांशी अनावश्यक बोलू नये.'

लिफ्टवाल्याच्या घराला मात्र लिफ्ट नव्हती. दोन जिने चढून काका धापा टाकत आत आले, तर काकू टीव्हीचा आवाज बंद करून तयारच बसल्या होत्या.

"बोला! दुसरा मजला काय म्हणाला?"

"काही नाही गं. सगळे घाईत होते."

"दाताचे डॉक्टर आणि घाईत? मला शेंडी लावू नका."

मग काकांनी सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. मुलगी केवढी आहे, एवढंच त्यांनी विचारलं. काकांना वाटलं, आता ही रडणार.

"माझंच चुकलं," ते घाईघाईने म्हणाले. "उद्या त्यांची माफी मागतो. सांगतो, सिनेमा चांगलाय, आमच्या हिलाही आवडला."

"खबरदार!"

काका जागीच थबकले.

"माफी मागायची तर स्वतःच्या तोंडाची मागा. माझं मत नाही विकायचं. अहो, सिनेमातली खुर्चीतली बाई एक तर शेवटी मरते, नाहीतर उठून धावते. तिसरं काही त्या लोकांना सुचतच नाही. मी मेले नाही आणि उठलेही नाही. रोज सकाळी जागी होते, चहा पिते, तुमच्याशी भांडते. हे कोण दाखवणार?"

"पण त्या बाईंना किती लागलं असेल..."

"लागणारच. धडधाकट माणूस उभ्या उभ्या म्हणतो, कोणी उठत नाही. तुमचं काय जातंय म्हणायला? तेच मी म्हटलं तर ते मत असतं, तुम्ही म्हटलंत की जखमेवर मीठ होतं." त्यांनी खुर्ची वळवून त्यांच्यासमोर आणली. "उद्या मला घेऊन चला."

"अगं, दोन जिने! आणि मॅनेजर काय म्हणतील? नोकरी जाईल माझी."

"दवाखान्यात न्यायला उतरवता ना? मग मत सांगायलाही उतरवा."

काका मदतीला कोण मिळतंय ते बघायला निघाले. लग्न झाल्यापासून बहुतेक वाद असेच संपायचे.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघा भावांनी खुर्चीसकट काकूंना खाली आणलं. काकूंनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि केस इतके चापून बसवले होते की एका बटेची हलायची प्राज्ञा नव्हती. इमारतीच्या पायऱ्या काकांनी पहारेकऱ्याला हाताशी घेऊन पार केल्या. लिफ्टमध्ये खुर्ची जेमतेम मावली. बाकीचे प्रवासी भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मॅनेजर धावत आले. "काका, हे काय? पाटी लावलीय ना?"

काकांनी ओठ मिटून पाटीकडे बोट दाखवलं.

"पाटी मी वाचली, साहेब," काकू म्हणाल्या. "चालकाने बोलू नये. चालक गप्प आहे. मी प्रवासी आहे."

"तुम्हाला कुठं जायचंय?"

"चौथ्या मजल्यावर."

"काय काम आहे?"

"बोलायचंय. यांना काढायचं असेल तर खुशाल काढा. पण हे माझं बोलले म्हणून काढताय, तर आधी माझं ऐकून घ्या."

मॅनेजरनी इकडेतिकडे पाहिलं. लोक जमायला लागले होते. त्यांनी आपलं जिन्याने जाणं पसंत केलं.

वकील आत आले. त्यांनी खुर्ची पाहिली, मग काकूंचे पाय पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'अरेरे' उमटलं.

"वकीलसाहेब ना? कांद्याचं उत्तर सुचलं का?"

"छे छे, काकू. तुमचंच बरोबर आहे. अगदी बरोबर."

काकूंचा चेहरा पडला. डॉक्टरांचीही तीच गत. "मला पटलंय तुमचं," ते चाकांकडे बघत म्हणाले.

"पटलं? काल तर आशा पाहिजे म्हणत होतात!"

"नाही, म्हणजे... मला कल्पना नव्हती."

भांडकुदळ डॉक्टर गरीब गाईसारखे उभे होते. काकूंनी जन्मात कधी इतक्या सहज वाद जिंकला नव्हता आणि त्यांना तो अजिबात नको होता. काकांना ते दिसलं.

वर दोन फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे हिशेबनीस बाई आल्या. लिफ्टमध्ये तिघंच होती. काकूंना पाहून बाई जागच्या जागी थांबल्या, मग आत आल्या. दार लागलं.

"मी यांची बायको. ते मत माझं होतं," काकू म्हणाल्या. "ज्या तऱ्हेनं तुमच्या कानावर आलं, त्याचं वाईट वाटतं. पण मत मागं घ्यायला आलेली नाही."

"मग कशाला आलात?"

"ते कोणाचं आहे, हे तुम्हाला दिसावं म्हणून."

चौथा मजला आला. काकांनी दार उघडलं. बाई उतरल्या नाहीत.

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आशा सोडलीत?"

"सुरुवातीला आशा करण्याशिवाय दुसरं काही करतच नव्हते. दिवसभर पायाच्या बोटांकडे बघत बसायची, हलतायत का म्हणून. मग कंटाळा आला. म्हटलं, उठायचं तेव्हा उठेन, तोवर बसल्या बसल्या काय काय जमतं ते बघू. भांडायला जमतं, असं लक्षात आलं."

बाई हसल्या नाहीत. "माझी मुलगी उठणार आहे," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या.

"तुमच्या तोंडात साखर पडो. ती उठली तर सगळ्यांआधी मला कळवा, मी टाळ्या वाजवीन. पण नाही उठली तर? त्या सिनेमावाल्यांच्या हिशेबात तिनं मरायचं का? ते मला मंजूर नाही. मरेपर्यंत मंजूर नाही."

बाईंचे डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. त्या उतरल्या आणि मागे न बघता निघून गेल्या.

खाली येताना काकूंनी हळूच विचारलं, "चुकलं का हो माझं?"

काकांना बोलायची बंदी होती. त्यांनी पाटीकडे पाहिलं आणि तिच्याचखाली उभं राहून, चांगलं मोठ्यानं सांगितलं, "चुकलं की नाही, मला नाही कळत. पण मला तुझा अभिमान वाटला."

त्यानंतर इमारतीत सगळे गोड झाले. वकील रोज "काकूंना नमस्कार सांगा" म्हणत. डॉक्टरांनी फळं पाठवली. मॅनेजरनी तक्रारीचा विषय पुन्हा काढला नाही, पाटीही काढली नाही. नव्या लिफ्टची मापं घ्यायला माणसं येऊन गेली. ती यायची ती येणारच होती.

संध्याकाळी काका घरी पोहोचले की काकू विचारत, "दुसरा मजला काय म्हणाला?"

"नमस्कार सांगितलाय."

"आणि डॉक्टर?"

"त्यांनाही पटलंय म्हणे."

"सगळ्यांनाच पटतंय मेलं," काकू करवादल्या. एक दिवस त्यांनी सिनेमा अर्ध्यावरच बंद केला. काकांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "बघून सांगू कोणाला? तुम्ही तर काय, माझ्या सगळ्याला मान डोलावणार." काकूंचं हे असं गप्प बसणं काकांना त्या पाटीपेक्षा जड जात होतं. उद्या नोकरी गेली तर दुसरी कुठेतरी बघता आली असती. ही बाई गप्प झाली तर दुसरी कुठून आणणार?

हिशेबनीस बाई रोज लिफ्टने वर जात, खाली येत. "येते काका" पुन्हा कधी ऐकू आलं नाही. काका पाटीखाली मूग गिळून उभे राहत.

आणि मग एका सकाळी बाई आत आल्या. दुसरं कोणी नव्हतं. काकांनी दार ओढलं आणि चारच्या बटणावर बोट टेकवलं.

"तुम्हाला बोलायचं नाहीये, माहितीय मला," बाई समोर बघत म्हणाल्या. "नुसतं ऐका. तुमच्या मिसेसनी जे सांगितलं, ते मी घरी सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं."

काकांनी बाईंकडे मान वळवली.

"मुलगी म्हणाली, काकूंचं साफ चुकतंय."

काकांचं बोट चारच्या बटणावरून अलगद उचललं गेलं. त्यांनी नऊ दाबलं. कुरकुरत लिफ्ट वर निघाली.

"ती म्हणते, बाई उठून धावते ते खोटंच आहे, ते लहान मुलालाही कळतं. पण मध्येच एकदा ती खिडकीपाशी बसून सगळ्या जगाला शिव्या देते ना, ते खरंय. मी तीनदा बघितला तो शिव्यांसाठी, ती म्हणाली, धावण्यासाठी नाही. आणि मला वेडीला वाटत होतं..." बाईंनी डोळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हणते, काकू नुसत्या शेवट धरून बसल्यात. त्यांना म्हणावं, मधलं बघा. आणि पटत नसेल तर उत्तर पाठवा, मी घरीच असते. आणखीही बरंच म्हणालीय."

जाळीपलीकडून चौथा मजला हळूहळू खाली गेला. बाईंनी तो जाताना पाहिला. त्यांनी खांद्यावरची पर्स नीट केली आणि पुढचं सांगायला लागल्या.