चार दारांची गाडी

ब्रेकबाईंनी बावीस वर्षं दुसऱ्याच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवली. नाव अर्थातच शिकणाऱ्यांनी पाडलेलं. बाई शेजारच्या सीटवर, पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक आणि तोंडाचा पट्टा सुरू: "अगं, गिअर आहे तो, लाटण्यासारखा काय धरतेस!"

शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. गाडीत एका वेळी तिघी. एकीनं चालवायचं, दोघींनी मागे बसून बघायचं आणि दर दहा मिनिटांनी अदलाबदल. पुढचीच्या चुका बघूनच मागच्या दोघी निम्म्या तयार व्हायच्या. स्कूलच्या मालकाला मात्र हे थेर वाटायचे. म्हणून बाईंना स्वतःचा क्लास काढायचा होता, आणि त्यासाठी हवी होती चार दारांची, आटोपशीर सेडान.

नवरा छापखान्यात मुद्रितशोधक. शोरूममध्ये त्याचा जीव जडला तो शेजारच्या लाल कूपेवर. दोनच दारं, मागे घसरत गेलेलं छप्पर, आणि मागची सीट म्हणजे पिशव्या ठेवायची सोय. बाईंनी आत शिरून पाहिलं, तर गुडघे हनुवटीला टेकले.

"अहो, यात माणसं बसवायची की कोंबायची?"

नवरा हसला. "बरं बाई, तुझंच खरं," म्हणाला, आणि दोघांनी मिळून पांढरी सेडान बुक केली.

बघता बघता बाराजणींनी क्लासला नावं दिली. पहिली होती एक नर्स. घरोघरी जाऊन पेशंट बघायचं काम तिला मिळणार होतं, पण गाडी येत असेल तरच. ती रोज फोन करून बाईंचं डोकं खायची.

राजीनामा बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिला. नवऱ्यानं चष्मा चढवून तो तपासला, दोन स्वल्पविराम घातले आणि शेवटचं वाक्य सरळ खोडलं. "'गरज पडल्यास परत येण्याची मुभा असावी' कशाला? जायचं तर ताठ मानेनं जा!" बाईंना केवढं भरून आलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं त्या माउलीला तेव्हा खरंच वाटलं.

गाडी मिळायच्या दिवशी शोरूममध्ये नणंद नटूनथटून हजर. गाडीवर झुळझुळीत कापड घातलेलं. नवऱ्यानं बाईंना डोळे मिटायला लावले, कापड ओढलं, आणि टाळ्या वाजल्या.

समोर लाल कूपे.

बाईंना वाटलं, शोरूमच्या माणसांची काही गफलत झाली. खुळ्यासारख्या त्या सेल्समनला म्हणाल्या, "अहो, आमची पांढरी." त्यानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गालातल्या गालात हसत होता.

"बुकिंग कधी बदललंत?"

"दीड महिना झाला! आहेस कुठे? जरा म्हणून सुगावा लागू दिला नाही."

राजीनामा देऊन महिना झाला होता. म्हणजे तो चष्मा, ते स्वल्पविराम, ती ताठ मान, सगळं लाल गाडी ठरल्यावरचं! बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली.

"आणि माझा क्लास?"

"अगं, बावीस वर्षं राबलीस, आता पुरे की ते खूळ. तुझ्या मालकाचा फोन आला होता मला. बाईंना समजवा, परत घेतो, त्यांच्या पद्धतीनं शिकवू देत, म्हणत होता. मीच सांगितलं, ती काही यायची नाही. त्यानं दुसरी बाई ठेवलीसुद्धा."

गोड बोलून केसानं गळा कापतात म्हणतात ना, तो असा. आणि कापणाऱ्याला शाबासकी हवी होती.

"नशीब काढलंत, वहिनी," नणंद म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"इश्श, सगळ्यांनाच माहीत होतं!"

सगळ्यांनाच. बाईंना नवऱ्याशेजारी बसवण्यात आलं, नणंद मागे कशीबशी घुसली. नवऱ्यानं डावं-उजवं न बघता गाडी रस्त्यावर काढली. बाईंचा पाय आपोआप खाली दाबला गेला. खाली नुसता गालिचा.

"सावकाश!"

"इथे तुझा ब्रेक नाही गं," नवरा खदखदून हसला. मागे नणंदही हसली. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सिग्नलला गाडी थांबली आणि बाईंना नर्सचा फोन आला. "बाई, आली का गाडी? सोमवारी सकाळी आम्ही तिघी येतो हं! नोकरीवाल्यांना मी हो म्हणून बसलेय."

"आली गाडी," बाई म्हणाल्या. "पण तू आमच्या जुन्या स्कूलमध्ये नाव घाल. तिथे नवीन बाई आल्यात."

"म्हणजे? आणि तुम्ही?"

"सांग ना तिला," नवरा स्टिअरिंगवर ताल धरत म्हणाला, "म्हणावं, मी आता मजेत आहे."

बाईंनी फोन त्याच्या हातात ठेवला. "तुम्हीच सांगा. माझ्या वतीनं तुम्ही छान बोलता."

आणि दार उघडून त्या उतरल्या.